दुसऱ्या खेळाडूचे बेट

जुना झालो आहे मी, मित्रांनो, आणि थकलोही आहे. तेव्हा प्रस्तावना थोडक्यात आटोपतो. मी एक व्हिडिओ गेम आहे. माझा देह म्हणजे तळहाताएवढी एक तबकडी. त्या देहात एक अख्खे बेट मावले आहे: डोंगर, खाड्या, एक दीपगृह, आणि बेटावर ठाण मांडून बसलेली परकी फौज. दोघांनी मिळून त्या फौजेच्या चौक्या सोडवायच्या, एवढेच माझे कथानक. कोणती चौकी आधी घ्यावी, कोणत्या वाटेने जावे, की काहीच न करता समुद्राकाठी बसून राहावे, याची पूर्ण मुभा मी देतो.

मला घडवायला पुष्कळ हात लागले. एका चित्रकर्तीने केवळ माझे ढग रंगवले, आणि ते असे रंगवले की खेळणारे लढाई सोडून वर पाहत राहत. पुढे मुदत संपत आली, मालक ओरडू लागले, आणि उरलेल्या बेटावर एकच चौकी पुन्हा पुन्हा चिकटवण्यात आली. माझे शत्रू एकाच चेहऱ्याचे आहेत, ते याच कारणाने. माझा सेनापती आरंभीच गंभीर आवाजात सांगतो, "उठा! वेळ फार थोडा आहे." त्यानंतर खेळणारा महिनाभर मासे पकडत बसला तरी तो चकार शब्द काढत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारले आहे की आता त्याचा अर्थही मला आठवत नाही.

समीक्षकांनी लिहिले, 'विस्तीर्ण आहे, पण पोकळ आहे.' या आरोपाचा पूर्वार्ध मी नम्रपणे स्वीकारतो. उत्तरार्धाबद्दल मात्र मला वाद घालायचा आहे. दोन चौक्यांच्या मध्ये माझ्यात काहीच घडत नाही, हे खरे. जीप चालवत राहायचे, एवढेच. पण शेजारी बसलेली दोन माणसे एकमेकांशी बोलतात ती नेमकी त्या रिकाम्या रस्त्यावरच. गोळ्या सुटत असताना कोण कोणाशी बोलतो?

आणि गोळ्यांचे म्हणाल, तर माझ्यात बंदुका आहेत. ते लपवून मी साधू ठरणार नाही. परंतु मला अभिमान आहे तो चापाचा नव्हे, दुसऱ्या एका बटणाचा. माझ्यात पडलेल्याला स्वतः उठता येत नाही. जोडीदाराने धावत यावे, गुडघे टेकावे आणि बटण दाबून धरावे, तेव्हाच तो उभा राहतो. एकट्याने जिंकण्यासारखे माझ्यात फारसे काही नाही.

जुन्या वस्तूंच्या दुकानातून मला उचलले ते चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका मुलीने. ती भावाकडे राहत असे. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. नवी वहिनी इस्पितळात परिचारिका होती. नणंद-भावजय एकमेकींशी फार अदबीने वागत, समोरासमोर दुकाने असलेले दोन दुकानदार वागतात तशा. 'वहिनी, तुम्ही आधी घ्या,' 'नको वन्सं, तुमचं होऊ द्या,' असे म्हणता म्हणता घरातला चहा गार होई.

एका रविवारी भाऊ आणि बहीण खेळायला बसले, तोच कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि भाऊ कंट्रोलर टाकून निघून गेला. पडद्याचा अर्धा भाग ओस पडला.

"वहिनी, बसता का जरा? नुसतं धरून ठेवा."

"मला नाही हो जमायचं."

"सुई टोचता ना? तेवढा नेम पुरे."

आरंभी मी विचारतो, यजमान कोण आणि पाहुणा कोण. नणंदेचे खाते होतेच. वहिनीसाठी नवे खाते उघडायचे, तर नाव, चिन्ह, रंग असा सगळा सोपस्कार होता. "नाव नंतर घालू," नणंद म्हणाली, आणि 'पाहुणा' या शब्दावर बटण दाबून मोकळी झाली. खाली बारीक अक्षरांत एक सूचना उमटली. दिवसभर लोकांना बारीक अक्षरे दिसावीत म्हणून काचा घासणाऱ्या त्या मुलीने ती वाचली नाही. दोष माझाही आहे. बारीक अक्षरांत सांगणे म्हणजे सांगितल्याचे पुण्य घेऊन न सांगणेच होय.

पहिल्याच चौकीवर नणंद कोसळली.

"या ना लवकर! वहिनी, ये ना! वाक, खाली वाक!"

अदब तिथेच गळून पडली. वहिनीने तिला उठवले आणि खदखदून हसली. "एवढ्यात उठलीस? आमच्या वॉर्डात पाठव गं हा खेळ. डॉक्टर घरी बसतील."

त्या दिवसापासून दोघींना माझे वेड लागले. भाऊ सोफ्यावर लोळून शेरे मारी. "ही सगळी एकाच आईची लेकरं का?" "अगं, भिंतीत का चालतोय तो?" शेरे खरे असत, म्हणूनच मला झोंबत. माझी आणखी एक खोड वहिनीला फार जाचे. पाहुण्याला मी यजमानापासून फार दूर जाऊ देत नाही. मर्यादा ओलांडली की त्याला उचलून यजमानाशेजारी आणून ठेवतो.

"मला जरा एकटीला फिरू दे की! सासरीसुद्धा एवढा पहारा नाही."

"मी काय करू? खेळच तसा आहे."

वर्षभरात बेट सुटले. कितीतरी चौक्या वहिनीच्या नेमाने पडल्या. माझ्या रिकाम्या रस्त्यांवर तिने नणंदेला वॉर्डातले मृत्यू सांगितले, जे ती नवऱ्याला सांगत नसे. नणंदेने तिला दूरच्या शहरातल्या नोकरीचा बेत सांगितला, जो घरात कोणालाच ठाऊक नव्हता. शेवटी त्यांनी दीपगृहाची चौकी घेतली आणि त्याच्या पायथ्याशी आपली पिवळी जीप उभी केली.

नोकरी मिळाली. निघताना नणंदेने मला आणि मला चालवणाऱ्या कन्सोलला वहिनीच्या हवाली केले; स्वतःचे खाते मात्र ती फोनवर घेऊन गेली. "बेट सांभाळ गं. सगळं तुझंच आहे."

एका सुटीच्या दुपारी वहिनीने मला एकटीनेच सुरू केले. आता पाहुणी होऊन भागणार नव्हते, कारण यजमानच नव्हती. तिने सावकाश आपले नाव घातले, रंग निवडला. मी म्हणालो, "उठा! वेळ फार थोडा आहे."

तिला काही कळेना. ती धावत दीपगृहापर्यंत गेली. तिथून तिच्यावर गोळ्या सुटल्या. जीप नव्हती. दोघींनी सोडवलेली प्रत्येक चौकी पुन्हा शत्रूच्या हाती होती. मित्रांनो, माझा सर्वांत मोठा दोष हाच: दोघांनी मिळून केलेले काम मी एकट्या यजमानाच्या नावावर जमा करतो. पाहुण्याच्या नावावर काहीच नाही. हा हिशेब ज्याने माझ्यात लिहिला, त्याला कदाचित कधी कोणाच्या घरी राहावे लागले नसेल.

वहिनीने फोन लावला.

"सगळं गेलं गं. पहिल्यापासून आहे."

"जाईल कसं? माझ्याकडे आहे की सगळं. आत्ताच फोनवर खातं उघडून पाहिलं."

"तुझ्याकडे आहे. माझ्याकडे काही नाही."

"अगं, पाहुण्याचं सेव्ह होत नसेल. मला काय माहीत!"

"बरोबर आहे. यजमानाचं राहतं, पाहुण्याचं जातं. या घरात काय नवीन आहे त्यात?"

नणंद म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम केलं?"

'तुम्ही' परत आले होते. वहिनीने फोन ठेवला, मला कन्सोलमधून काढले आणि डबीतही न घालता टीव्हीखालच्या फळीवर टाकून दिले.

त्यानंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. धूळ बसली. भाऊ माझ्यावर चहाचा कप ठेवू लागला. कप सरकला की माझ्या पाठीवर एक चरा उमटे. दोघींचे फोन होत, पण हवा-पाणी आणि तब्येत यांच्यापुढे जात नसत. मला राग येत नव्हता. रागावायलाही थोडी उमेद लागते.

पुढे एकदा नणंद दोन दिवसांसाठी आली. कप उचलला आणि ती किंचाळलीच. "दादा! ही काय बशी आहे?"

"गोलच आहे की," भाऊ म्हणाला.

तिने मला कडेने उचलून उजेडात धरले, जशी ती काच धरत असे. मग काही न विचारता कन्सोलमध्ये घातले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. मी सेनापतीचे वाक्य कसेबसे म्हटले, पण पहिल्या पुलाशी येताच माझे चित्र गोठले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तिथेच. चरा नेमका पुलावर होता.

"राहू दे, वन्सं. जुना झालाय तो."

"तू 'राहू दे' म्हणालीस की काहीच राहू देत नाहीस. आतल्या आत धरून बसतेस. मला माहीत आहे."

ती मला रुमालात गुंडाळून, पूर्वी जिथे काचा घासत असे त्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. काचा घासायच्या फिरत्या चाकावर धरले असते तर मी तापून वाकलो असतो, म्हणून तिने काचेची बारीक पेस्ट बोटावर घेऊन मला हातानेच घासले, मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. दुकानाचा म्हातारा मालक म्हणाला, "अगं, नवी मिळते." ती म्हणाली, "नवीत पूल वेगळा असेल." हे धादांत खोटे होते, माझ्या सर्व प्रतींत पूल एकच आहे. पण मी वाद घातला नाही.

संध्याकाळी तिने पहिला कंट्रोलर वहिनीच्या हातात दिला. मी विचारले, यजमान कोण? वहिनीचे नाव पुढे आले. नणंदेने 'पाहुणा' निवडले. बारीक अक्षरे उमटली, आणि या वेळी तिने ती मोठ्याने वाचली. "पाहुण्याची प्रगती जतन होणार नाही."

"अगं, मग नाव घाल ना तुझं."

"नको. मी उद्या जाणार. तुझं राहू दे."

डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून वहिनीने खांद्याला गाल पुसला आणि खेळू लागली. पुलावर मी थरथरलो, एक श्वास अडकला, आणि पार झालो. कोणती चौकी आधी घ्यावी याची मुभा मी देतोच. त्या सरळ दीपगृहाकडे गेल्या. नणंद पडली, वहिनीने उठवले. वहिनी पडली, नणंदेने उठवले. चौकी सुटल्यावर पिवळी जीप मिळवून पायथ्याशी लावली. मग नणंद जीपमधून उतरून एकटीच किनाऱ्याने चालू लागली.

"कुठे चाललीस?"

"बघ तर."

मर्यादा संपली. मी तिला उचलून वहिनीशेजारी आणून ठेवले. ती हसली आणि पुन्हा चालू लागली. मी पुन्हा आणले. किती वेळा, ते मी मोजले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही खोड कोणी हौसेने मागून घेतलेली मी प्रथमच पाहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्याला कडेने धरा, डबीत ठेवा, कपाखाली ठेवू नका. इतके तर कोणीही सांगेल. माझे मागणे त्याहून मोठे आहे. दुसरा कंट्रोलर ज्याच्या हाती द्याल, त्याचे नाव आधी घाला. 'नंतर घालू' म्हणू नका. आणि बारीक अक्षरे मोठ्याने वाचा.

दुसऱ्या दिवशी नणंद गेली. पाहुण्याला ओढून परत आणणारा माझा दोर घराच्या दाराबाहेर चालत नाही. दुपारी कामावर जाण्यापूर्वी, गणवेश घातलेल्या वहिनीने उभ्याउभ्याच मला सुरू केले. ती काही खेळली नाही. तिला फक्त पाहायचे होते. दीपगृहाच्या पायथ्याशी पिवळी जीप उभी होती, आणि नणंद ज्या बाजूने उतरली होती तिकडचे दार उघडेच होते.