दोरीने मोजलेली चाकं

मी एकोणीस इंची चाक बोलतोय. जरा वाकून बघा, म्हणजे दिसेन. विटांवर उभी केलेली ही लाल गाडी, आणि तिच्या पुढच्या डाव्या अंगाला बसवलेला मी, एकटाच. बाकीच्या तीन जागा रिकाम्या आहेत. येणारेजाणारे विचारतात, "उमरावजी, एका चाकाची गाडी कायले ठेवली जी?" उमराव हसतो आणि विषय बदलतो. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म विलायतेतला. बारीक तारांच्या आऱ्या आणि मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट. हातोडीने तो ठोकला की मी गाडीला बसतो, उलटा ठोकला की सुटतो. आम्ही सारखी पाच भावंडं. चौघं जमिनीवर पळत आणि मी स्टेपनी म्हणून गाडीच्या पाठीवर टांगलेला. रेल्वेच्या एका साहेबाने हौसेने ही दोन माणसांची, शर्यतीत पळणारी बुटकी गाडी आणली होती. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी निघाला आणि गाडी अर्जुनी मोरगावकडच्या उमरावने घेतली.

पाठीवर टांगलेल्याला पुढचं काही दिसत नाही. मागे पडलेला रस्ता, पळणारी कुत्री आणि धूळ, एवढंच माझं जग. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता.

उमराव म्हणजे दिलदार माणूस, पण भारी उतावळा. त्याचं घराणं तलाव बांधणारं. आजा-पणजाने नुसत्या दोरीने मापं घेऊन तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, उभे केले, अन् त्या आजही पाणी धरून आहेत, हे तो कुणालाही थांबवून ऐकवायचा. आई लवकर गेली. थोरली बहीण सुमित्राबाई विधवा होऊन माहेरी आलेली, तिनेच त्याला वाढवलं. सगळ्या गावात तो फक्त तिला भ्यायचा. ती मात्र गाडीत कधी बसली नाही. "एवढ्या बुटक्या गाडीत बसण्यापरीस मी पायदलच बरी," म्हणायची.

पुढे आमची टायरं झिजली. उमराव गाडी घेऊन गोंदियाला चैतरामच्या दुकानी गेला. चैतराम सायकली दुरुस्त करायचा आणि मोटारीच्या चाकांचंही काम घ्यायचा.

"भैया, ये एकोणीसवाला टायर इधर नहीं मिलता," तो म्हणाला. "कलकत्त्याहून मागवा लागंल. टाइम लगेगा."

"मंडई तोंडावर आली. थांबाले कोनाले टाइम हाय?"

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली मोठी जत्रा. तिथे गाडी मिरवायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. दुकानाच्या कोपऱ्यात पलटणीच्या जीपची जुनी टायरं पडली होती. ती सोळा इंची रिंगेची; रिंग लहान, पण टायर चांगलं जाडजूड. उमरावचे डोळे चमकले.

"हे बसव. गाडी पैलवान दिसंल."

चैतराम कचरला. "रिंग बदलनी पडेगी, आऱ्या कापाव्या लागतील. अन् बैठेगा क्या?"

"मोजून पाहू ना." उमरावने सुतळी मागितली. ती माझ्या टायरभोवती गोल फिरवली, गाठ मारली. मग तीच सुतळी जीपच्या टायरभोवती फिरवली. गाठीला गाठ भिडली. "पाह्य! बरोबर आली का नाही? आमच्या दोरीनं तलाव बांधले, चाक काय चीज हाय!"

चैतरामलाही ते पटलं. दोरी गोल फिरली, पण टायरच्या जाडीवर आडवी कुणी धरलीच नाही. मी पाठीवरून ओरडत होतो, पण चाकाचं कोण ऐकतं?

सोळाच्या रिंगा चारच मिळाल्या. जुन्यातलं त्यातल्या त्यात बरं टायर माझ्यावर चढवून मला तसंच ठेवलं. घरी आल्यावर उमराव मला काढून टाकायला निघाला, तर सुमित्राबाई आडवी आली.

"असू दे. घरातलं कोनी बारीक हाय म्हणून त्याले हाकलून देते का?"

मंडईत गाडीभोवती ही गर्दी झाली! उमरावचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण पूर्ण डावीकडे वळवलं की पुढचं डावं टायर आतल्या लोखंडी दांड्याला घासायचं, उजवीकडे वळवलं की उजवं. खर्र, खर्र. "घासून घासून जागा करंल," असं म्हणून तो लांबून वळसे घ्यायला शिकला. तो गुणगुणत गाडी चालवायचा आणि मी मागे जीव मुठीत धरून बसायचो.

आणि मग भाताच्या रोवणीचे दिवस आले. सारं गाव चिखलात वाकलेलं. दुपारी उमरावची बायको कुंदाबाई बांधावरून धावत आली.

"अवो, गाडी काढा! बाईच्या पायाले पान लागलं!"

साप चावला की आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. सौंदडच्या दवाखान्यात लस होती. बैलगाडीने जाईपर्यंत सगळं संपलं असतं. सुमित्राबाईला उचलून पहिल्यांदाच या बुटक्या गाडीत बसवलं. कुंदाबाई तिला धरून अंग चोरून बसली.

वाट तलावाच्या पाळीवरून जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला चिखलाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तीन माणसांच्या वजनाने गाडी खाली बसली होती. मला पुढचं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"बाई, झोपू नोको! बोल माझ्यासंगं!"

"डोये मिटून रायले वो, कुंदा," सुमित्राबाईचा आवाज जड झाला होता.

पाळ संपते तिथे डावीकडे जोराचं वळण आहे. लांबून वळसा घ्यायला जागाच नाही. उमरावने हातातलं स्टिअरिंगचं चक्र पूर्ण फिरवलं. खर्र झालं, जळक्या रबराचा वास आला आणि धाडकन डावं टायर फुटलं. गाडी पाण्याकडे सरकली आणि काठावर थांबली.

उमराव उतरला, माझ्यासमोर आला. नट ठोकायला हातोडी नव्हती, ती घरी राहिली होती. त्याने दगड उचलला. पहिला घाव बोटांवर बसला. "देवा, कायले घाई केली मी," तो रडत म्हणाला, आणि रडतच ठोकत राहिला.

कुंदाबाईने पाळीवरून हाक दिली. रोवणा लावणाऱ्या बाया हातातली रोपं टाकून चिखलाने माखलेल्या वर आल्या. "उचला वो!" म्हणत त्यांनी गाडीचं तोंड खांदे लावून वर धरलं. फुटलेलं चाक निघालं आणि त्या जागी मी गेलो.

दोरी खोटी नव्हती. माझी उंची त्या जाड चाकाइतकीच होती, म्हणून गाडी तिरपी झाली नाही. अन् मी बारीक, म्हणून दांड्याला घासलो नाही. वळण निघालं. पण मंडईपासून कुणी माझ्यात हवा भरली नव्हती, हे फक्त मला ठाऊक होतं. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचा रस्ता दिसत होता आणि तो संपता संपत नव्हता.

दवाखान्याचं फाटक उजवीकडे. तिथे वळवलं असतं तर उजवं टायर फुटलं असतं. उमरावने गाडी भर रस्त्यात सोडली, बहिणीला उचललं आणि पळत आत गेला. माझी हवा सुटत गेली आणि मी जमिनीला टेकलो. कुंदाबाई बाहेर येऊन मला टेकून बसली. ती नुसती दाराकडे पाहत राहिली. इतका वाईट वेळ मी कधी काढला नाही.

ऊन उतरल्यावर उमराव बाहेर आला. "डोये उघडले," तो म्हणाला. "मले शिव्या देऊन रायली, बुटक्या गाडीत कायले बसवलं म्हणून." आणि दोघंही रस्त्यावरच हमसून हमसून रडली.

घरी आल्यावर त्याने जाड चाकं स्वतः काढून देऊन टाकली. माझ्या मापाच्या चाकांसाठी नागपूरला, कलकत्त्याला निरोप गेले. उत्तर एकच, हे माप आता मिळत नाही. सोळाची घ्या म्हणून किती जणांनी सांगितलं. ज्याने एक मंडई चुकवून वाट पाहिली नाही, तो आता वर्षामागून वर्ष थांबला आहे. साठ साल उजाडलं तरी गाडी विटांवरच आहे.

वाचकहो, कुठे अडगळीत एकोणीस इंची, बारीक आऱ्यांचं चाक दिसलं तर उमरावला कळवा. तेवढंच मागणं आहे. मोजताना दोरी आडवीही धरा.

सुमित्राबाईचा तो पाय अजून ओढतो. रोज सकाळी शेताकडे जाताना ती माझ्यापाशी थांबते, दम घेते, माझ्यावर हात टेकते.

"येतीन रे," ती म्हणते, "तुझे भाऊ येतीन."