शेजारचा हात

थोरल्या बाई म्हणजे चर्चमधलं खणखणीत नाणं. बाप्तिस्म्याच्या वर्गात त्या तावातावाने सांगायच्या, "विश्वासात माणूस आधी तान्हं बाळ असतं, नुसतं मागतं. मग तरुण होतं, मोहाशी झुंजतं. आणि पिकलं, की माफ करतं." आपण पिकलेल्यांत मोडतो, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांची धाकटी जाऊ चर्चच्या वेदीवरची वस्त्रं धुऊन, खळ घालून, इस्त्री करायची. एकदा सगळ्यांसमोर ती बोलून गेली, "जाऊबाई, देव तुमच्या तोंडात छान बसलाय, जरा खाली उतरू द्या की!" लोक खो खो हसले. झालं! बाईंनी मनात डूख धरला तो धरलाच.

प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळक म्हणायचे, "एकमेकांना शांती द्या." सगळे शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचे. धाकटी दर रविवारी बाईंच्याच बाकावर बसायची आणि हात पुढे करायची. नेमक्या तेव्हाच बाई चष्मा पुसायला काढायच्या. स्वच्छ काच किती पुसायची, त्याला काही सुमार? पण धाकटीचा हात मागे जाईपर्यंत पुसायच्या.

मग एका सकाळी इस्त्री करता करता धाकटी कोसळली आणि गेली.

पुढच्या रविवारी बाकावरची जागा रिकामीच होती. पाळकांनी शांती द्यायला सांगितलं आणि बाईंच्या उजव्या हाताला बोटं लागली. ओलसर, खळीने खरखरीत झालेली. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढच्या वेळी त्या उजवीकडे भिंत येईल अशा बेताने बसल्या. हात भिंतीकडूनच आला.

बाईंनी उपास केले, प्रार्थना केल्या. प्रभूची भाकर घ्यायला हात धजेना. लोक हळहळले, "जावेच्या दुःखाने खंगल्या हो!" दुःख कसलं डोंबलाचं! भीतीने पोखरलं होतं त्यांना. वर्गात माफीपाशी आल्या की जीभ टाळ्याला चिकटायची. हा हात कधी तरी धरल्याशिवाय सुटका नाही, हे त्यांना कळून चुकलं.

शेवटी एका रविवारी बोटं लागताच बाईंनी डोळे मिटले आणि हात घट्ट धरला. मुठीत काहीच आलं नाही. नुसती आपलीच नखं आपल्याला रुतली. त्या तशाच थांबल्या, गाणं संपेपर्यंत थांबल्या. कोणी आलं नाही. ते त्यांना पहिल्यापेक्षा भयंकर वाटलं.

उपासना संपल्यावर त्या धापा टाकत चर्चच्या माडीवर गेल्या. तिथे दीर, धाकटीचा नवरा, ऑर्गन वाजवायचा, लोकांकडे पाठ करून. तो झाकण लावत होता.

"भावजी, ती शांती द्यायला हात पुढे करायची ना, तो मी कधीच धरला नाही. एकदाही नाही."

"भलतंच काय वहिनी?" दीर म्हणाला. "दर रविवारी घरी येऊन सांगायची ती. आज जाऊबाईंनी हात धरला, चांगला घट्ट धरला, म्हणायची."

बाईंनी नकारार्थी मान हलवली.  हळूहळू दिराचा चेहरा उतरला.

"म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलायची? मला बरं वाटावं म्हणून?"

"तुमच्यासाठी नाही हो, भावजी," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझा राग करू नये म्हणून."

आणि त्या हमसून हमसून रडू लागल्या.