पोकळ किल्ली

करामोगो लासिनांच्या शेवटच्या प्रवचनाचं रेकॉर्डिंग सिरिकी करणार, ही बातमी झुमाना त्राओरेला कळली ती बायकोकडून, आणि तीही शेंगदाण्याच्या रश्शाचा भात पुढ्यात आलेला असताना. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला.

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणालं काय, सगळं सिकासो म्हणतंय,” सितान म्हणाली. “शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, कापसाच्या गोदामामागच्या मैदानात. कर्णे त्याचे, यंत्र त्याचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

तिने ते भोळेपणानेच विचारलं होतं. पण पोळलेल्या जागी फुंकरही चटका देते म्हणतात ना, तसं झालं. झुमानाने ताट सरकवलं आणि मोटरसायकलला लाथ घालून तो बाजारात गेला.

लासिना हे गाऊन प्रवचन सांगणारे. करामोगो म्हणजे गुरुजी. सारं गाव त्यांना त्याच नावाने ओळखे. ते आधी साधंच बोलायला लागत. अय्यूब नबींचं दुखणं, युसुफचा अंगरखा, आईचं दूध. बोलता बोलता शब्दांना चाल कधी लागली ते कळत नसे. मागच्या बायका ओळ उचलत, ती पुन्हा त्यांच्या ओंजळीत टाकत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की देव आपल्याच अंगणात येऊन बसलाय. मध्येच ते समोरच्या एखाद्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी दुवा गात. ज्याचं नाव गाण्यात आलं, त्याला आठवडाभर लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेत.

बावीस वर्षं झुमाना त्यांचा आवाज साठवत आला होता. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हला सिकासोत सगळे किल्लीच म्हणत. बाजारातल्या त्याच्या टेबलावर लोक रिकामी किल्ली ठेवत आणि करामोगो भरून नेत. या बावीस वर्षांत कोंबड्या विकणाऱ्याचं नाव गाण्यात आलं, टायरवाल्याचं आलं, एकदा तर चुकून कुणा परगावच्या पोलिसाचंही आलं. झुमानाचं नाही आलं. यंत्राशी वाकून बसलेला माणूस गाणाऱ्याला कुठून दिसणार? कुणाला बोलला नाही तो हे. पण दर प्रवचनाला कान तेवढ्यासाठी टवकारलेले असत. आता करामोगोंचा गळा बसत चालला होता, हे त्यांचं शेवटचंच गाणं होतं, आणि त्या यंत्राशी सिरिकी बसणार होता.

सिरिकी जारा. चार वर्षं झुमानाच्या हाताखाली काढून त्याने रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, स्वतःचं दुकान थाटलं होतं. निळी ताडपत्री, चकचकीत पाकिटांतल्या किल्ल्यांच्या माळा आणि दिवसभर हसणारं तोंड. ती ताडपत्री झुमानाच्या डोळ्यांत रोज सकाळी नव्याने खुपे.

त्या दिवशी सिरिकी आपणहून रस्ता ओलांडून आला. “सलाम, चवळीखाऊ!”

आजूबाजूचे हसले. त्राओरे आणि जारा ही थट्टेची कुळं. एकाने दुसऱ्याला चवळीखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं, वाडवडिलांचा उद्धार करावा. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचंच हसं होतं.

“ये, गुलामा,” झुमाना म्हणाला. “तुझ्या घरी चवळी संपली वाटतं, वास घेत आलास.”

“संपेल कशी? तुमच्याच घरून ओसंडून वाहते. बरं, निरोप आहे. करामोगो म्हणाले, या खेपेला चवळीखाऊला यंत्रामागे बसवू नका. त्याला पुढच्या चटईवर बसवा, अगदी माझ्यासमोर.”

“म्हणजे झोप लागली तर सगळ्यांना दिसायला?”

“तेच तर! घोरलात तर तेही रेकॉर्ड करतो,” सिरिकी म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

झुमानाही हसला. आत मात्र काहीतरी करपलं. जागा घेतलीस ती घेतलीस, वर चटईचं आमंत्रण देतोस? करामोगो कशाला म्हणतील असं? हा याच्याच डोक्यातला माल.

मग त्याचं लक्ष सिरिकीच्या हाताकडे गेलं. हिरव्या पाकिटातली नवी किल्ली होती, वर सोनेरी आकडा, चौसष्ट जीबी.

“करामोगोंना भेट द्यायला घेतली,” सिरिकी म्हणाला. “त्यांची सगळी जुनी प्रवचनं भरलीत हिच्यात, तुमच्याकडून नेलेली. शुक्रवारचं थेट हिच्यावरच घेईन. सबंध आयुष्य एका किल्लीत!”

ते हिरवं पाकीट झुमानाला चांगलंच माहीत होतं. गेल्या महिन्यात त्याने असल्या दहा किल्ल्या आणल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकीला आधी गळ्यापर्यंत भरून, उपसून, पुन्हा लावून शेवटचं गाणं वाजवून पाहिलं होतं. दहाच्या दहा खोट्या निघाल्या. चौसष्ट म्हणून सांगायच्या, आत जेमतेम आठ. आठपर्यंत सगळं गोड वाजायचं. पुढचं जे भराल त्याचं नाव दिसायचं, मिनिटं दिसायची, आवाज मात्र नसायचा. त्याने त्या दहाही दगडाने ठेचल्या होत्या.

आता तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलंही.

“खोटी आहे ती किल्ली,” तो मोठ्याने म्हणाला. “जारांच्या खानदानासारखी. वर सोन्याचा आकडा, आत नुसती पोकळी! आठाच्या पुढे एक शब्द राहायचा नाही.”

बाजार खो खो हसला. टायरवाल्याने मांडीवर थाप मारली.

“जळा, जळा!” सिरिकी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला. “तुमच्या धुरावर माझा चहा उकळू दे.” किल्ली खिशात घालून तो गेला.

सांगितलं तर खरं, झुमानाने स्वतःला बजावलं. चारचौघांत सांगितलं. अल्ला साक्षी आहे. आणि लगेच त्याला वाटलं, या बाबतीत अल्लाला साक्षीला न बोलावलेलंच बरं.

शुक्रवारी सगळा बाजार बंद होता. उघडं होतं एकच टेबल. सितान निळा झगा घालून दुकानापाशी आली आणि थांबली.

“चला ना. त्यांचं शेवटचं आहे.”

“गिऱ्हाईक आलं तर?”

“कुत्रंसुद्धा नाहीये रस्त्यावर.”

“तू जा.”

ती गेली. थोड्या वेळाने वाऱ्यावरून कर्ण्याचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती, आणि ती चाल झुमानाला आतून ओढत होती. त्याने काय करावं? आपली स्पीकरची पेटी लावली, करामोगोंचंच बारा वर्षांपूर्वीचं प्रवचन घातलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. जित्या करामोगोंचा गळा त्याने त्यांच्याच जुन्या गळ्याने बुजवला. दोन तास तो तसाच बसला, कुणी हलवलं असतं तर कोसळला असता असा.

ऊन कलताना सितान परत आली. डोळे सुजलेले, चेहरा मात्र उजळलेला. तिने पेटी बंद केली.

“तुमचं नाव घेतलं त्यांनी.”

“कुणाचं?”

“अहो, तुमचं! ‘झुमाना त्राओरे’ असं चालीत घेतलं. पुढची चटई हाताने दाखवली, रिकामी होती ती. मग किती तरी वेळ तुमच्याबद्दलच गात होते.”

“काय गायले?”

“नाव आलं आणि सगळ्या बायका माझ्या गळ्यात पडल्या. कुणी रडतंय, कुणी फडक्याने वारा घालतंय. मी मेली काय ऐकणार त्यात! पण काळजी कशाला करता? सिरिकीच्या किल्लीत असेलच की.”

झुमाना टेबलामागून उठला. निरोप खरा होता. करामोगोंनी त्याला यंत्रामागून उठवलं होतं ते तोंडासमोर बसवण्यासाठी. आणि ज्या किल्लीचं वाटोळं व्हावं असं त्याने मनात धरलं होतं, तिच्याच पोटात त्याचं नाव होतं.

रस्ता ओलांडताना त्याने जेवढा धावा केला तेवढा उभ्या आयुष्यात केला नव्हता. देवा, ही एक तरी खरी निघू दे. अकरावी खरी निघू दे.

सिरिकीच्या दुकानापुढे गर्दी होती. सिरिकी एकेक फाईल दाबत होता. बारा वर्षांपूर्वीचं वाजलं. सात वर्षांपूर्वीचं वाजलं. कॅसेटची खरखर असलेलं सगळ्यांत जुनं, तेही वाजलं. मग आजचं, आठाच्या पुढचं. पडद्यावर फाईलचं नाव आलं. दोन तास दहा मिनिटं, असंही आलं. आकडे पुढे सरकत होते आणि कर्ण्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं.

उरलं होतं ते सगळं झुमानाने साठवलेलं. गेलं होतं तेवढंच, जे साठवायला तो तिथे नव्हता.

“यंत्रात काही?” कुणीतरी विचारलं.

“यंत्रात नाही. थेट हिच्यावरच गेलं,” सिरिकी म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “करामोगोंना काय सांगू मी?”

“सिरिकी,” झुमाना म्हणाला, “मी तुला सांगितलं होतं.”

“हो, सांगितलंत! खानदान पोकळ, किल्ली पोकळ. आज नको हो थट्टा, चवळीखाऊ.”

दोघे-तिघे सवयीने हसले.

“सिरिकी जारा,” झुमाना पुन्हा म्हणाला. नुसतं नाव, पुढेमागे काही नाही. ते ऐकून हसणारे गप्प झाले. त्राओरेने जाराला अशी कोरड्या नावाने हाक मारली तर कुणी गेलंय का, असंच माणसं आधी विचारतात. “मला माहीत होतं. तसल्या दहा मी दगडाने ठेचल्यात. तुला थट्टेत सांगितलं, कारण थट्टेतलं कुणी खरं धरत नाही. तू ऐकू नयेस म्हणूनच सांगितलं.”

“का?”

“ती जागा माझी होती.”

सिरिकीने यंत्रातली किल्ली उपसली. मग ती त्याने झुमानाच्या हातात ठेवली. “चला. हे तुम्ही सांगायचं त्यांना. मी शेजारी उभा राहीन.”

करामोगो अंगणात लिंबाखाली तसबीहची माळ ओढत बसले होते. गळ्याभोवती फडकं होतं. झुमानाने काही न लपवता सांगितलं. ते ऐकत राहिले, मणी थांबले नाहीत.

“पुन्हा तेवढंच म्हणाल का?” शेवटी त्याने विचारलं. “ते... चटईपाशी आल्यावरचं?”

करामोगो कुजबुजल्यासारखं बोलले. “ते मी थोडंच रचलं होतं? आलं, गेलं. आता शोधू कुठे?” मग डोळे बारीक करून म्हणाले, “पण मैदानात एवढी माणसं होती झुमाना. कुणाच्याच हातात फोन नव्हता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टेबलं एकत्र आली, निळ्या ताडपत्रीखाली. दोघांनी मशिदीत, बस थांब्यावर, कापसाच्या गोदामात सांगून ठेवलं: शुक्रवारचं ज्याच्या फोनमध्ये जे असेल ते आणा. लोक आणायला लागले. कुणाकडे तीन मिनिटं, कुणाकडे अर्धं, कुणाचा अंगठाच आवाजाच्या भोकावर. एकाने सबंध वीस मिनिटं घेतली होती, पण खिशात ठेवून; करामोगोंपेक्षा घराच्या किल्ल्यांच्या जुडग्याचाच आवाज जास्त. झुमाना तुकड्याला तुकडा लावत होता. चाल ओळखून, श्वास ओळखून, मागच्या बायकांनी ओळ कुठे उचलली ते ओळखून. हे काम सिकासोत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. सिरिकी शेजारी बसून कधी तुकड्यांच्या वेळा लिहून घेई, कधी चहा ओती, आणि थट्टा करत नसे. तेच झुमानाला फार लागत होतं.

चौथ्या दिवशी तेने नावाची शेंगदाणेवाली म्हातारी आली. तिच्या फुटक्या फोनमध्ये एकच मिनिट होतं. करामोगो चढत्या चालीत म्हणत होते: “आणि ही चटई रिकामी, ही झुमाना त्राओरेची, ज्याने बावीस वर्षं माझा...” आणि तिथेच म्हातारीचा स्वतःचा खणखणीत गळा, “शेंगदाणे! गरम शेंगदाणे! अगं सरक की!” तो संपेपर्यंत मिनिटही संपलं होतं.

झुमानाने ते सात वेळा ऐकलं. आठव्या वेळी त्याने कानावरचा हेडफोन काढला.

“सिरिकी. तू यंत्राशी होतास. तुझ्या कानात सगळं आलं असेल.”

“आलं.”

“पुढे काय म्हणाले ते?”

सिरिकीने चहाचा पेला खाली ठेवला, ओठ पुसले. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या गालावर ती जुनी खळी दिसली.

“म्हणाले, ज्याने बावीस वर्षं माझा आवाज खाल्ला आणि वर चवळी खाल्ली.”

“खरं सांग ना रे.”

“खरंच सांगतोय. चारचौघांत सांगतोय.”

झुमानाने त्याच्या तोंडाकडे खूप वेळ निरखून पाहिलं. त्याला काही कळलं नाही, आणि कळणारही नव्हतं. तक्रार करायला तोंड राहिलं नव्हतं त्याला. मग त्याचंच पोट हलायला लागलं, आणि तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

“ओत चहा, गुलामा.”

संध्याकाळी जोडलेलं प्रवचन तयार झालं, एक तास आणि वर काही मिनिटं. सिरिकी म्हणाला, “म्हातारीची आरोळी कापू का? नावावरच येते नेमकी.”

“राहू दे,” झुमाना म्हणाला.

त्याने नवी किल्ली गळ्यापर्यंत भरली, उपसली, पुन्हा लावली, आणि सगळ्यांत शेवटचं आधी वाजवून पाहिलं. वाजलं. मग ती सिरिकीच्या हातात देऊन म्हणाला, “जा, करामोगोंना दे. भेट तुझी होती.”