सोयरा नसलेलं शहर

तुमसरच्या भर बाजारात शाल आणि नारळ देऊन भुपेंद्रचा जाहीर सत्कार झाला. केरळहून खास तुमसर बघायला आलेला पहिला माणूस म्हणून. चाळीसेक लोक जमले होते, टाळ्या झाल्या, एकाने शिट्टीही मारली.

हे झालेलं नाही. भुपेंद्रचं तसं म्हणणं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि सुरुवातीपासून सुरुवात करू.

भुपेंद्र पवनीचा. वय चोवीस. या चोवीस वर्षांत तो एकटा कुठेही गेला नव्हता. तो भित्रा होता असं नाही, त्या घरात तशी सोयच नव्हती. दाढ काढायला भंडाऱ्याला गेला तेव्हा सोबत सात जण होते. त्यातल्या दोघांनी, आलोच आहोत तर म्हणून, आपल्याही दाढा काढून घेतल्या. परीक्षेला नागपूरला गेला तेव्हा फाटकावरच्या माणसाने विचारलं होतं, "यांच्यातून परीक्षा देनार कोन?"

अशा भुपेंद्रला हैदराबादला एका औषधांच्या गोदामात नोकरी लागली. एक डिसेंबरला हजर व्हायचं. पोरगा नाचायचा तेवढा बाकी होता. पण वडील, कृष्णराव, हे थंड डोक्याचे गृहस्थ.

"हैदराबादले आपला कोनी नाही," ते म्हणाले. "तू राह्यशील कसा?"

"बाबा, तिथं एक कोटी लोक राह्यते."

"त्यायचे तिथं कोनी ना कोनी असन."

शेवटी कृष्णरावांनीच तोड काढली. जिथे आपला एकही सोयरा नाही अशा शहरात भुपेंद्रने एकट्याने रेल्वेने जावं. दिवसभर राहावं. संध्याकाळी धडधाकट परत यावं. जमलं तर हैदराबाद. नाही जमलं तर घरचा धान कापायला आलाच होता.

आता असं शहर शोधायचं म्हणून घरात बैठक बसली. नागपूर तर पहिल्याच मिनिटाला बाद झालं. तिथे सोयऱ्यांची चार घरं होती आणि पाचव्याचा स्लॅब टाकून झाला होता. गोंदियाला आत्या. रायपूरला आत्याची नणंद. दुर्ग, भिलाई, जबलपूर, सगळीकडे कोणी ना कोणी पाय रोवून बसलेलं. सुरतेला आपलं कोणी नाही असं भुपेंद्र आनंदाने म्हणाला, तर एका काकांनी तिथून व्हिडिओ कॉल लावून दिला. दोन तासांनी राजनांदगावचं नाव निघालं. नांदगावला कोणीच नव्हतं. भुपेंद्रची आई, चंद्रभागाबाई, पदर तोंडाला लावून म्हणाली, "अशी कशी गत झाली वो आपली?"

ठरल्या दिवशी भुपेंद्रला एकट्याने जाण्यासाठी सोडायला अकरा जण भंडारा रोड स्टेशनवर आले. गाडी सुटली. समोरच्या बाकावर एक साठीतल्या बाई बसल्या होत्या, पायाशी सिंगाड्यांची बोरी. भुपेंद्रने खिडकीतून वारा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खिडकी मिळाली होती. तो त्या वाऱ्यात असा काही रमला की अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही. मग गाडी थांबली, बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चाल रे बाबू, उतर. बोरी धर."

इथे भुपेंद्रची बाजू समजून घ्यायला पाहिजे. चोवीस वर्षं कोणीतरी मोठं माणूस "चाल, उतर" म्हणायचं आणि भुपेंद्र उतरायचा. हे त्याच्या डोक्यात नव्हतं, गुडघ्यात होतं. त्याने बोरी खांद्यावर घेतली आणि उतरला. नऊ चाळीसला गाडी निघून गेली. मग त्याने पिवळ्या पाटीवर वाचलं: तुमसर रोड.

"आजी," तो म्हणाला, "मले इथं नोहोतं उतराचं."

"मंग काहून उतरलास?"

"तुमीच म्हटलं ना, उतर."

"मी तं डब्यातल्या कोनालेही म्हटलं. उतरला तू."

खिडकीवर चौकशी केली. पुढची थांबणारी गाडी दुपारी. ती नांदगावला पोचणार तोवर भुपेंद्रची परतीची गाडी निघून गेलेली असणार. हैदराबाद डोळ्यांदेखत चाललं होतं. भुपेंद्र बोरीवर बसला आणि त्याच्या डोक्यात एक विचार आला. बाबांनी नांदगाव म्हटलंच नव्हतं. सोयरा नसलेलं शहर म्हटलं होतं. आणि दोन तासांच्या त्या बैठकीत, सुरतेपर्यंत सगळा देश धुंडाळताना, तुमसरचं नाव एकदाही निघालं नव्हतं! घरापासून हाकेच्या अंतरावर, आपल्याच जिल्ह्यात, एक सोयरा नसलेलं शहर पडून होतं. आणि तिथे तो होता. एकटा.

"नाव काय तुहं?" बाई म्हणाल्या. "मी रंभाबाई. कोनाचा तू?"

या जिल्ह्यात दोन अनोळखी माणसं जास्तीत जास्त सात मिनिटं अनोळखी राहू शकतात. आठव्या मिनिटाला एकाची काकू दुसऱ्याची मामी निघते. आणि रंभाबाईशी नातं निघालं तर तुमसर बाद, म्हणजे हैदराबाद बाद.

"मी लाखांदूरचा," त्याने ठोकून दिलं.

"लाखांदूरले माह्या सुनेचा मामा हाय. कोनाच्या घरचा?"

"म्हनजे लाखांदूरच्या पलीकडचा."

"पलीकडं वडसा. वडस्याले माही ननद."

"त्याच्याही पलीकडं."

"गडचिरोली? तिथं तं माहा भासराच—"

"केरळ!" भुपेंद्र ओरडला.

रंभाबाई थांबल्या. त्यांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं, एकदा पुढे, एकदा मागे. मग हळहळून म्हणाल्या, "केरळात आपला कोनीच नाही रे बाबू."

भुपेंद्रने सुटकेचा श्वास टाकला.

"मराठी कशी येते मंग तुले?"

"आत्ताच शिकलो. गाडीत."

"चांगली शिकलास. नाव?"

भुपेंद्रने आधारासाठी इकडेतिकडे पाहिलं. समोर दारावर लिहिलं होतं: प्रतीक्षालय.

"प्रतीक्षालयन," तो म्हणाला.

"असंच राह्यते तिकडं नाव," रंभाबाईंनी समजूतदारपणे मान हलवली.

स्टेशनपासून गाव चार-पाच किलोमीटर. टेकचंद नावाच्या माणसाचा ऑटो होता. टेकचंद ऑटो चालवायचा, एका मित्र मंडळाचा अध्यक्ष होता, आणि मंडळाकडे दिवाळीच्या कार्यक्रमातल्या तीन शाली उरल्या होत्या, ही गोष्ट त्याला महिनाभर झोपू देत नव्हती. केरळचा पाहुणा म्हटल्यावर त्याने आरशात भुपेंद्रकडे असं पाहिलं, जणू माप घेत होता.

"घरी चाल, जेवून घे," बाजारात उतरल्यावर रंभाबाई म्हणाल्या.

"केरळात अकराच्या आत जेवत नाही," भुपेंद्र म्हणाला आणि पहिल्या दिसलेल्या गल्लीत शिरला.

आणि तो एकटा झाला.

गल्ली संपली तिथे चौक होता. डावीकडे एक रस्ता, उजवीकडे एक. भुपेंद्र थांबला. नेहमीप्रमाणे कोणीतरी "इकून चाल" म्हणेल म्हणून त्याने वाट पाहिली. कोणी म्हटलं नाही. एक म्हैस उजवीकडे गेली. तिच्या मागे जावं असं त्याला फार वाटलं. पण मग ते एकट्याने जाणं झालं नसतं. अकरा मिनिटं तो त्या चौकात उभा होता. मग डावीकडे वळला, आणि वळल्यावर आपल्याला कोणी पाहिलं का म्हणून मागे बघून खुदकन हसला.

डावीकडे काही विशेष नव्हतं. एक सायकलचं दुकान, एक राइस मिल, कोंड्याचा वास, भिंतीवर वाळत घातलेली गोधडी. पण हे सगळं त्याने स्वतः शोधून काढलं होतं. त्याने टपरीवर चहा घेतला. चहावाल्याने त्याला "कोनाचा?" विचारलं नाही. फक्त "साखर जास्त?" एवढंच विचारलं. भुपेंद्रला हे फार आवडलं. मग थोडी भीती वाटली. मग परत आवडलं. त्याने दुसरा चहा घेतला, आणि हैदराबादला रोज संध्याकाळी आपण असेच अनोळखी टपरीवर उभे राहू, कोणी आपल्या आजोबांचं नाव विचारणार नाही, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. पुढचे चार-पाच तास तो असा डावी-उजवी करत तुमसर बघत हिंडला. तुमसर एवढं निरखून तुमसरच्या लोकांनीही कधी बघितलं नसेल. एका गल्लीत तर तो तीनदा गेला, तिसऱ्यांदा तिथल्या कुत्र्याने भुंकणंही सोडून दिलं.

चार वाजता टेकचंदने त्याला गाठलं.

"प्रतीक्षालयन भाऊ! शहर पालथं घातलं तुमच्यासाठी. चाला, लोक थांबून राहिले."

बाजारात टेबल, त्यावर शाल, नारळ, रंभाबाईंनी उकडून आणलेले सिंगाडे. चाळीस माणसं. नारळ देताना टेकचंद म्हणाला, "पाहुण्यायच्या घरी हे लय असते, पन आमचा बी घ्या." टाळ्या. शिट्टी. अजून दीड तास काढला की परतीची गाडी. भुपेंद्रने दोन्ही हात जोडले आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं.

पण टेकचंदच्या हातात माइक होता, आणि ज्याच्या हातात माइक असतो त्याला आवरणं कठीण. पाहुण्यांना आपल्या भागाची माहिती द्यावी म्हणून तो धानावर बोलू लागला.

"पयले बी टाकाचं. त्याचे येते पऱ्हे, म्हनजे लहान रोपं. ते उपटाचे. उपटून सात दिवस बांधावर ठेवाचे. चांगले सुकले का मंग चिखलात रोवाचे."

भुपेंद्रने ओठ चावला. हैदराबाद, तो मनात म्हणाला. हैदराबाद, हैदराबाद.

"सात नाही तं आठ दिवस ठेवले तरी—"

"आठ दिवस?" भुपेंद्रच्या तोंडून निघालंच. "पऱ्ह्यायचे पापड करता का बे? आज उपटले का आज नाही तं उद्या रोवाचे! आमच्याकडं बाया सकाळी पेंढ्या बांधते आन दुपारी रोवून बांधी भरून टाकते! वैनगंगेच्या काठावर येऊन पाह्य एक दिवस, मंग माइक धर!"

टेकचंदने माइक खाली केला.

"मी ऑटोवाला हावो भाऊ," टेकचंद कसनुसा म्हणाला. "आयकलेलं सांगून राहिलो."

रंभाबाई गर्दीतून पुढे आल्या. "मराठी गाडीत शिकलास. रोवना ऑटोत शिकलास काय?" त्यांनी भुपेंद्रची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "हे नाक मी पाह्यलं हाय. वैनगंगेच्या काठचं नाक हाय हे. पवनी?"

भुपेंद्रने हनुवटी सोडवून घेतली.

"आईचं माहेर?"

भुपेंद्रने तोंड घट्ट मिटलं. पण नाक मिटता येत नाही.

"आसगाव!" रंभाबाई म्हणाल्या. "आसगावच्या थोरल्या घरचं नाक! चंद्रभागाचा पोट्टा तं नाही तू?"

आईचं नाव ऐकून भुपेंद्र दचकला, आणि दचकणं म्हणजे दाखलाच. तुझ्या आईची मावशी ती माझी मोठी जाऊ, म्हणजे मी तुझी आजी, असा हिशेब रंभाबाईंनी तिथल्या तिथे लावून दिला. वेळ चार वाजून वीस मिनिटं. लोकांनी सत्कारापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. टेकचंदने दुसरी शाल काढून रंभाबाईंना घातली.

"सकाळपासून मले आजीच म्हनून राहिला लबाड," रंभाबाईंनी डोळे पुसले.

त्यानंतर पाच फोन झाले आणि सहावा चंद्रभागाबाईला लागला. एवढ्या वर्षांनी सापडलेलं नातं नुसतं फोनवर कसं सोडायचं? भुपेंद्र एकटा गेला होता, परत आला तेव्हा पाच जण होते. रंभाबाई, टेकचंद, आणि टेकचंदच्या मंडळाचे दोन सभासद, ज्यांना पवनी बघायची होती.

घरी दिवाळी परत आल्यासारखी धूम. चंद्रभागाबाई रंभाबाईंच्या गळ्यात पडली. चुलीवर दोन भांडी चढली. त्या गडबडीत भुपेंद्रने कृष्णरावांना ओसरीवर गाठलं.

"बाबा, सत्कार-बित्कार काही झाला नाही. पन मी एकटा गेलो. दिवसभर एकटा हिंडलो. चौकात मीच ठरवलं कुठं वळाचं ते."

कृष्णरावांना पोराचं कौतुक वाटत होतं, हे त्यांच्या मिशीवरून कळत होतं. पण नियम म्हणजे नियम.

"सोयरा नसलेलं शहर म्हटलं होतं."

"चार वीसपर्यंत नोहोता ना कोनी! नातं चार वीसले निघालं!"

"निघालं चार वीसले," कृष्णराव म्हणाले. "पन होतं तं पयलेपासूनच."

भुपेंद्रने खूप डोकं खाजवलं. पुन्हा बैठक बसवून नवीन शहर शोधायला वेळ नव्हता, एक तारीख चार दिवसांवर आली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातले सगळे पाहुण्यांना घाट दाखवायला गेलेले असताना, तो आयुष्यात दुसऱ्यांदा एकटा निघाला आणि तहसील कार्यालयाच्या आवक खिडकीवर पुढील अर्ज देऊन, त्यावर शिक्का मारून घेऊन आला:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, पवनी.

विषय: नाते तात्पुरते रद्द करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार व श्रीमती रंभाबाई, रा. तुमसर, यांच्यामध्ये आजी-नातू असे नाते अस्तित्वात असल्याचे आढळून आलेले आहे. सदर नात्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही व ते पुढे सुरू ठेवण्यास अर्जदार तयार आहे. तथापि, सदर नाते घटनेच्या दिवशी सकाळी ९.४० ते सायंकाळी ४.२० या कालावधीपुरते पूर्वलक्षी प्रभावाने अस्तित्वात नव्हते असे समजण्यात यावे, व तसा दाखला अर्जदाराच्या वडिलांस दिनांक ३० नोव्हेंबरपूर्वी परस्पर देण्यात यावा, ही नम्र विनंती.