पानओव्याची शाल

माणूस कायमचा नागपूरला चाललाय आणि आमच्या सोसायटीनं त्याला निरोपाला काय द्यायचं ठरवलं? शाल-श्रीफळ! तीच ती होलसेलमधली शाल, अंगावर घेतली तरी आतला शर्ट दिसतो.

हा माणूस म्हणजे तळमजल्यावरचे कुंडलिकभाऊ. महापालिकेच्या बागेत चौतीस वर्षं माळी होते. रिटायर झाल्यावर आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमागे लोक फुटक्या लाद्या टाकायचे, तिथं त्यांनी बाग केली. आता मुलाकडे राहायला निघाले होते.

"सत्कार नको म्हणून सांगा ना, वहिनी," मला म्हणाले. "अशा अकरा शाली आहेत घरात. एकही अंगावर घेतली नाही मी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बारावी घेतील. मी विणते.

बोलायला काय जातंय! ऑक्टोबरचा उकाडा, त्यात मांडीवर लोकर. घामानं सुई हातातून निसटायची. त्यात मला नक्षी सुचली पानओव्याची, कारण ते भाऊंचं लाडकं झाड. जाडजूड लवदार पान, कडेला बारीक दाते. ते नुसतं हिरव्या रंगात दिसून उपयोगाचं नव्हतं. वरून हात फिरवला तर पान हाताला लागायला हवं होतं. त्यासाठी झाड डोळ्यांसमोर पाहिजे, आणि भाऊंना तर काही कळता कामा नये. मग काय, गेले आणि त्यांच्यासमोर खोटं खोटं खोकले.

"भाऊ, पानओव्याची एक कुंडी द्या ना. काढ्याला लागतात पानं."

इथंच वाट लागली. भाऊंनी कुंडी दिली, आणि वर रोज सकाळी स्वतः काढा उकळून आणायला लागले. पेला रिकामा होईपर्यंत दारातून हलायचे नाहीत. मी ठणठणीत बाई, आणि तीन आठवडे काढा पीत होते.

एका रविवारी नववं पान चुकलं म्हणून उसवत बसले होते. बघायला मान वर केली तर कुंडीत नुसते दांडे!

"जयू," स्वयंपाकघरातून आमच्या ह्यांची हाक आली. "ओव्याच्या पानांची भजी केलीत. झकास झालीत, गरम आहेत तोवर ये."

"अहो! बघून विणत होते ना मी ते!"

"मग आता खाऊन बघ," हे म्हणाले.

रागारागात सहा भजी खाल्ली. दुसरी कुंडी मागायला गेले, तर खोकला वाढला असं समजून भाऊंनी काढ्यात मिरी दुप्पट घातली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाल पुरी झाली. चोवीस पानं. दोन जरा वाकडी आलीत, पण उसवायला वेळ कुठं होता? सेक्रेटरी अनिरुद्धला मी तीनदा बजावलं, "हिरवी शाल भाऊंना, पातळ प्रमुख पाहुण्यांना."

"काकू, टेन्शन नका घेऊ ना."

अनिरुद्ध असं म्हणाला की मला हमखास टेन्शन येतं.

आणि झालंही तसंच. आपल्याकडे सत्कार कुणाचाही असो, आधी पाहुण्यांचा सत्कार. पाहुणे म्हणजे अनिरुद्धच्या ओळखीतले कुणी बिल्डर. दोन्ही शाली एकाच तबकात. अनिरुद्धनं कॅमेऱ्याकडे बघत हसत हसत वरची उचलली आणि पाहुण्यांच्या खांद्यावर टाकली. माझी शाल! फोटो झाला, टाळ्या झाल्या. पाहुण्यांना दोन मिनिटांत घाम फुटला, त्यांनी ती काढून ड्रायव्हरकडे दिली आणि ड्रायव्हर निघाला गाडीकडे. तोवर भाऊंच्या खांद्यावर ती पातळ शाल आली होती. बिचारे मान खाली घालून बसले होते.

मी उठले. "अहो ड्रायव्हर! ती शाल द्या इकडे!"

ड्रायव्हर दारातच थांबला.

"काकू, प्लीज, बरं नाही दिसत ते," अनिरुद्ध माइकवरच बोलला.

"तू गप रे! बघून उचलायला काय झालं होतं?"

ड्रायव्हरनं मुकाट्यानं शाल दिली. मी तशीच स्टेजवर चढले, भाऊंची पातळ शाल ओढली आणि पाहुण्यांच्या अंगावर घातली. ते गोंधळून पुन्हा हात जोडून फोटोला उभे राहिले. मग माझी शाल मी भाऊंना नीट गुंडाळून दिली.

भाऊंनी एका पानावरून अंगठा फिरवला, जरा चोळलं, आणि अंगठा नाकाशी नेऊन वास घेतला.

"पानओवा," म्हणाले.

अनिरुद्धनं माइक पुढे केला. "भाऊ, दोन शब्द."

"चौतीस वर्षं झाडं लावली," भाऊ म्हणाले. "लोक सावलीला बसले, फुलं तोडून नेली. पण माझ्या झाडाकडं एवढा वेळ कुणी बघत बसलं नव्हतं."

मला रडूच कोसळलं, अख्ख्या सोसायटीसमोर. आमचे हे पहिल्या रांगेतून रुमाल दाखवत होते.

नंतर बटाटेवडे आले. हॉलमधला एक पंखा बंद, सगळे घामाघूम, आणि भाऊ शाल अंगावर तशीच घेऊन सगळ्यांशी हात मिळवत फिरतायत. कपाळावरून धारा लागलेल्या.

"भाऊ, काढा आता," मी म्हटलं. "केवढं उकडतंय."

"उकडू द्या, वहिनी," म्हणाले आणि शाल आणखी घट्ट ओढून घेतली.