चिमट्यांची पिशवी

मंगळवारी सकाळी मॉरिस डॉब्नीने जिन्याखालचं लोखंडी कपाट उघडलं आणि त्याला कळलं की आपल्या घरात कोणीतरी हात मारून गेलंय.

कुलूप शाबूत होतं. किल्लीही तिच्या जागेवर, मासे धरायच्या गळाच्या डब्यात शिशाच्या वजनांखाली सापडली होती. आत दुनळी बंदूक उभी होती, त्याच्या बायकोच्या, बेरीलच्या वडिलांची. नळ्या होत्या, दस्ता होता. पण नळ्यांखाली डाव्या हाताने धरायचा जो वीतभर लाकडी तुकडा असतो, ती पुढची मूठ गेली होती. ती नसली की बंदूक उघडताच दोन तुकडे होऊन हातात येते. दुकानात ती मिळतही नाही. ज्या त्या बंदुकीची मूठ तिच्याच मापाने घासून बसवलेली असते.

त्याने कपाटात चाचपलं, जिन्याखालचे बूट उलटे करून झटकले, मग स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा केला तो प्यायचा राहिला.

परवानेवाल्यांना एक नियम पाठ असतो. कपाटाची किल्ली कुठे आहे हे दुसऱ्या कोणालाही कळता कामा नये, बायकोलासुद्धा नाही. दर पाच वर्षांनी पोलिसांचा माणूस यायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "किल्लीची जागा आणखी कोणाला माहीत आहे?" मॉरिस चाळीस वर्षं "कोणालाच नाही" असं सांगत आला होता. त्या वेळी बेरील समोरच विणत बसलेली असायची. मान वर करायची नाही.

आता पोलिसांना सांगायचं तर कपाट दुसऱ्याने उघडलं हे कबूल करावं लागणार. म्हणजे हलगर्जी आपलीच. परवान्याची मुदत जूनमध्ये संपत होती, आणि त्यांना नाही म्हणायला एवढं पुरलं असतं. त्याने तोंड बंद ठेवायचं ठरवलं. पण घरात आलं कोण, हा प्रश्न काही बंद होईना.

मार्चच्या शेवटी साथीमुळे टाळेबंदी लागल्यापासून इंग्लंडच्या लिंकनशरमधल्या त्या गावात कोणी कोणाचा उंबरा ओलांडत नव्हतं. किराणा आणून देणारी गावच्या मदत कमिटीतली बाई पिशवी पायरीवर ठेवायची, दार वाजवायची आणि फाटकापर्यंत मागे सरायची. घरात आली होती ती फक्त ॲम्ब्युलन्सची दोन माणसं, दोन एप्रिलला. ती तर बेरीलला उचलण्यात गुंतलेली.

मग त्याला ती पंधरा मिनिटं आठवली. ॲम्ब्युलन्सला त्यांची गल्ली कधीच सापडत नाही, म्हणून मॉरिस तिला रस्ता दाखवायला हमरस्त्यावर जाऊन उभा राहिला होता. बेरील स्वयंपाकघरात खुर्चीत होती, धाप लागलेली. ॲम्ब्युलन्समध्येच पुढे बसून तो परत आला तेव्हा मागच्या अंगणात केन उभा होता. केन स्क्रिमशॉ, कुंपणापलीकडचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती, तीस वर्षं एकाच शेतावर कबुतरं मारणारा.

"इथे काय करतोस?" मॉरिसने तेव्हा विचारलं होतं.

"काही लागतं का बघायला आलो," केन म्हणाला होता, आणि जाकीट छातीशी आवळून कुंपणातल्या फटीतून निघून गेला होता. एप्रिलमधलं चांगलं ऊन होतं त्या दिवशी. जाकीट आवळण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी मॉरिसला हे काहीच दिसलं नव्हतं. नऊ दिवसांनी हॉस्पिटलचा फोन आला. अंत्यविधीला पाच माणसं होती, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. आता मे महिन्याच्या त्या मंगळवारी त्याला ते जाकीट दिसू लागलं.

केन रोज संध्याकाळी फाटकाबाहेर उभा राहायचा.

"झोप लागली का?"

"लागली."

"जेवलास काय?"

"तू काय डॉक्टर झालास का?"

"झालो असतो तर तुझ्याकडून फी घेतली असती. काय जेवलास?"

"बीन्स."

"काल पण बीन्सच म्हणालास."

इतके दिवस ही विचारपूस मॉरिसला कटकट वाटत होती. आता तिच्यात पाणी मुरतंय असं वाटू लागलं. हा रोज बघायला येतो ते काय? मला कळलं की नाही, हेच ना?

गुरुवारी जमीनमालक फिलिप स्ट्रॉसनचा फोन आला. "मिस्टर डॉब्नी, कबुतरं वाटाण्यावर तुटून पडलीत. कोवळे शेंडे नाहीसे झाले. तुमच्या ओकच्या कोपऱ्यात कधी बसताय? रस्त्यावर कोणी हटकलं तर पिकाची राखण म्हणून सांगा. त्याला बंदी नाही. मजेखातर म्हणालात तर गावातलाच कोणीतरी पोलिसांना फोन करेल."

"पाठ धरलीय," मॉरिस म्हणाला.

"बरं. केन येतोच आहे. पण शेत मोठं आहे, एकट्याने भागणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघतो. पुढच्या आठवड्यापर्यंत कळवा."

फोन ठेवल्यावर शेताकडून बार ऐकू आला, मग दुसरा. केनची बंदूक मॉरिस आवाजावरून ओळखायचा. दुसरा बार नेहमी घाईत निघायचा. त्याला सगळं एकदम लख्ख दिसलं. तीस वर्षं ओकचा कोपरा मॉरिसकडे होता आणि केन लांबच्या टोकाला, जिथे वारा तोंडावर येतो. कबुतरं उतरतात ती ओकपाशी. केन दर वर्षी थट्टेत म्हणायचा, "तू मेलास की तो कोपरा माझा." थट्टा कसली. मेला नाही म्हणून बंदूक मोडून ठेवली. कुंपणानेच शेत खाल्लं.

संध्याकाळी फाटकावर दोन कबुतरं टांगलेली होती, मानेला सुतळी बांधून. मॉरिसने ती सुतळीसकट गटारात टाकली. शुक्रवारीही टाकली. शनिवारी केनने ती गटारात पाहिली असावीत, कारण त्या दिवशी टांगलेल्या जोडीबरोबर चिठ्ठी होती: "चव आवडली नसेल तर सांग, पुढची मीठ लावून आणतो." मॉरिसने चिठ्ठीही टाकली.

"काय झालंय तुला?" केनने रस्त्यावरून विचारलं.

"मला कुठे काय झालंय?"

"शेतावर का येत नाहीस?"

"तुला माहीत आहे."

केन पाऊलभर फाटकाजवळ आला. "नाही, लेका," तो म्हणाला. "तू सांगितल्याशिवाय मला काही माहीत नाही."

असं निगरगट्ट तोंड त्याने पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. मॉरिसने दार लावून घेतलं.

रविवारी त्याने बेरील गेल्यापासून पहिल्यांदाच चादरी धुतल्या. दोरीवर घालायला गेला तर चिमट्यांची पिशवी नव्हती. चिमटे धुण्याच्या टबात सुटे पडले होते. ती पिशवी बेरीलने त्याच्या जुन्या चेक्सच्या शर्टाची शिवली होती, वरती शर्टाची कॉलर तशीच ठेवून. तिला गंमत वाटायची. म्हणायची, कॉलर धरून तुला रोज उन्हात टांगते. ती चिमटे असे सुटे टाकणारी बाई नव्हती. म्हणजे पिशवीही गेली. बंदुकीच्या मुठीला निदान किंमत तरी होती. चिमट्यांची पिशवी चोरणाऱ्याला काय म्हणायचं, हे त्याला कळेना.

सोमवारी दुपारी केनच्या शेडचं दार वाऱ्याने उघडलं. मॉरिस कुंपणाच्या फटीशी उभा होता. खरं सांगायचं तर तासभर उभा होता. समोरच्या भिंतीवर, फावड्याच्या शेजारी खिळ्याला त्याच्या शर्टाची कॉलर लटकत होती. खाली पिशवी जड होऊन ताणलेली, आणि तिच्यात वीतभर लांब काहीतरी.

तो फटीतून पलीकडे गेला. केन बटाट्याच्या वाफ्यात वाकला होता.

"दोन मीटर लांब," केन मान वर न करता म्हणाला.

"चुलीत गेले दोन मीटर. ती माझी पिशवी आहे."

केन उठून उभा राहिला. हात पँटला पुसले. "हो, तुझीच आहे."

"आणि आत काय आहे?"

"तेही तुझंच आहे."

"चोरा," मॉरिस म्हणाला. आवाज चढला नाही. "तिला श्वास घेता येत नव्हता, आणि तू माझ्या जिन्याखाली हात घालत होतास. एका कोपऱ्यासाठी. एका ओकच्या झाडासाठी."

"मी तुझ्या जिन्याखाली गेलेलो नाही. तुझ्या किल्लीला मी कधी हात लावला नाही."

"मग कोणी लावला?"

केन उलट्या बादलीवर बसला. "बस," तो म्हणाला. "त्या तिथे, लांब. तुला माझा राग आलाय, पण माझी छाती गेल्या हिवाळ्यापासून धड नाही."

मॉरिस बसला नाही, पण चार पावलं मागे सरला.

"तू हमरस्त्यावर गेलास तेव्हा तिचा फोन आला. मागच्या दाराशी ये म्हणाली. मी गेलो तर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तयार. आधीच काढून ठेवलं होतं तिने. म्हणाली, हे घेऊन जा. मॉरिस एकटा राहील तेव्हा घरात चालती बंदूक नको. मी म्हटलं, अगं, तू आठ दिवसांत परत येशील. तर म्हणाली, केन, मूर्खासारखं बोलायला वेळ नाहीये."

मॉरिसला तो आवाज ऐकू आला. तसंच म्हणाली असेल ती.

"तिला किल्ली माहीत नव्हती," तो म्हणाला.

"गळाच्या डब्यात, वजनांखाली. तिनेच मला सांगून ठेवलं. म्हणाली, त्याचा विश्वास बसला नाही तर सांग. त्याआधी घड्याळात. त्याआधी डाव्या बुटात."

"घड्याळात होती हे तिला कसं..."

"घड्याळ पुसायचं कोण, म्हाताऱ्या? तू?"

मॉरिस आता बसला, वाफ्याच्या कडेच्या फळीवर. दोन वेळा त्याने जागा बदलली होती, दर वेळी ती दुकानात गेलेली बघून. चाळीस वर्षं पोलिसांना त्याने खोटं सांगितलं होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं. विणणाऱ्या बाईला मात्र माहीत होतं.

"महिना झाला," तो म्हणाला. "सांगायचं होतंस."

"तिने बजावलं होतं. तो शोधेल तेव्हा देऊ नकोस, मागेल तेव्हा दे. तोंडाने मागेल तेव्हा. म्हणाली, ज्याला मागता येतं तो बरा असतो. म्हणून रोज फाटकावर येऊन वाट बघत होतो. तू काही मागेनास. कबुतरं गटारात टाकायला लागलास."

"मला वाटलं तुला कोपरा हवाय."

"जाऊन बघ कोपऱ्यात. तू बसतोस त्या पिंपाला कोळ्याने जाळं घातलंय. मी माझ्याच टोकाला बसतो, वारा खात."

केनने एक बटाट्याचं रोप चाचपून सरळ केलं.

"तुला कळलं कधी, मूठ नाही ते?" त्याने विचारलं.

"मंगळवारी."

"स्ट्रॉसनने फोन केला गुरुवारी."

"हो."

"मग मंगळवारी कपाट कशाला उघडलंस?"

मॉरिसने हातावरची माती बघितली. "तेल द्यायला," तो म्हणाला.

"बरं," केन म्हणाला. पुढे विचारलं नाही. पण तो मूठ आणायला उठून शेडमध्ये गेला नाही, बादलीवरच बसून राहिला.

मॉरिसच्या ते ध्यानात आलं. मंगळवारी सकाळी सहाला जिन्याखाली गुडघे टेकून आपण काय शोधत होतो, हे त्याने आठवडाभर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. चोर कोण, याचाच विचार केला होता. त्या विचाराने सात दिवस काढून दिले होते. तिने खुर्चीत धापा टाकत हेही हिशेबात धरलं असेल का? नसेल. केन असा वागेल आणि आपण असे चिडू, एवढं तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण घड्याळाचंही नव्हतं.

"मागितली तर देशील?" त्याने विचारलं.

"द्यावीच लागेल. शब्द दिलाय."

"मग मी मागत नाही. अजून नाही." तो उठला. गुडघा धरला होता. "मूठ राहू दे तुझ्याकडे. पिशवी दे. चादरीचे चिमटे टबात पडलेत."

केनने शेडमध्ये जाऊन पिशवी रिकामी केली आणि वाफ्याच्या मधोमध ठेवली, मग मागे सरला. मॉरिसने ती कॉलर धरून उचलली.

"स्ट्रॉसनला काय सांगू?" केनने विचारलं. "दुसरा माणूस आणेल तो."

"सांग, उद्या येतो म्हणून."

"कशाने मारणार? शिव्यांनी?"

मंगळवारी दुपारी मॉरिस ओकच्या कोपऱ्यात गेला. पिंपावर खरंच जाळं होतं. ते त्याने काठीने काढलं, जाळीचा आडोसा ओढून घेतला आणि बसला. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा होता, बेरीलचा, झाकणावर घोडागाडी असलेला. हातात लाकडी डाव.

कबुतरं आली, आधी दोन, मग वीसेक, आणि वाटाण्यावर उतरू लागली. त्याने ती पाय टेकेपर्यंत थांबून डबा बडवला. सगळी एकदम उठली, त्याच्या डोक्यावरून वळली आणि वाऱ्याच्या तोंडाला, केनच्या टोकाकडे गेली.

एक बार झाला, आणि लगेच दुसरा, घाईचा.

"चुकला," मॉरिस स्वतःशी म्हणाला आणि पुढच्या थव्याची वाट बघू लागला.