दोन पूर्ण, एक अर्धं

गंगाधरपंतांना अख्खं सोलापूर 'नायगारा मास्तर' म्हणे, आणि त्यांना त्याचं भूषणच वाटे. हायस्कुलात भूगोल शिकवताना अमेरिका आली, की तास संपल्याची घंटा वाजली तरी त्यांचा धबधबा काही थांबत नसे. स्वतः मुंबईपलीकडे पाऊल टाकलेलं नाही, पण बोलताना असं वाटे की गृहस्थ परवाच तिकडून येऊन पडसं काढतोय.

ह्या वेडाला सुरुवात करून दिली ती दाक्षायणीनं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं. शिवणयंत्राच्या एका कंपनीचं कॅलेंडर घरात आलं होतं, त्यावर नायगारा धबधब्याचं चित्र होतं. दाक्षी तेव्हा आठ वर्षांची. वैशाखाचे दिवस, नळाला करंगळीएवढी धार, आणि खाली घागर लावून बसलेल्या पोरीनं विचारलं, "बाबा, तिथं एवढं पाणी आहे, तर आपल्या नळाला का येत नाही?" मास्तरांनी नकाशा काढला. म्हणाले, "आपण जाऊन विचारून येऊ." त्या दिवसापासून बापलेकीचा प्रवास सुरू झाला. रोज संध्याकाळी नकाशा उघडायचा आणि तिघांच्या तिकिटांपासून सुरुवात करायची. मास्तर उजव्या हाताची दोन बोटं सरळ धरत, तिसरं अर्धं दुमडत आणि जणू तिकीटखिडकीतल्या बाबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सोलापूर ते मुंबई. दोन पूर्ण, एक अर्धं!"

पुढल्याच वर्षी विषमज्वरात पोर गेली. देव्हाऱ्यात गंगेचा गडू होता. मास्तरांच्या वडिलांनी काशीहून आणलेला, डाख देऊन तोंड बंद केलेला. घरातल्या कुणाची शेवटची वेळ आली की तो फोडायचा आणि दोन थेंब तोंडात घालायचे, ही रीत. म्हाताऱ्यांसाठी ठेवलेला तो गडू नऊ वर्षांच्या मुलीसाठी फोडला. तिच्या आईनं, अनसूयाबाईंनीच पाणी घातलं. त्या वेळी त्या रडल्या नाहीत, मग पुढेही रडल्या नाहीत. बसून बसून पाय बधिर होतो आणि आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं. स्वयंपाक चुकला नाही, सोवळं-ओवळं चुकलं नाही. फक्त कशाचं काही वाटेना.

रिकामा गडू मास्तरांनी घासूनपुसून पुन्हा देवापाशी ठेवला. म्हणाले, "हा आता तिकडून भरून आणायचा." कुणी म्हणालं, समुद्र ओलांडल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागेल. मास्तर म्हणाले, घेऊ की! आणि अनसूयाबाई त्या रिकाम्या गडूला रोज फूल वाहत राहिल्या.

नकाशाही बंद झाला नाही. रोज संध्याकाळी मास्तर निघत, आणि निघताना तेच: दोन पूर्ण, एक अर्धं. अनसूयाबाई वाती वळत ऐकत. पण दाक्षीचं ते अर्धं तिकीट आलं की त्या उठून आत जात. तेवढी एकच गोष्ट त्यांना सहन होत नसे. असा अकरा वर्षं हा माणूस बोटीत चढत होता, आणि अकरा वर्षं ही बाई आत जाऊन उगाच डबे हलवत होती.

आणि ह्या चैत्रात मास्तरांची डावी बाजू गेली, वाचाही गेली. वैशाख उजाडला तसं अन्न सुटलं. काल सकाळपासून तर पाण्याचा थेंबही तोंडात घेईनात. चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. फक्त उजवा हात उचलत आणि बोटं दाखवत: दोन सरळ, एक दुमडलेलं.

अक्कलकोटाहून नणंद आल्या होत्या, रुक्मिणीवन्सं. त्यांनी बोटं पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. "वहिनी, दादा सांगतोय गं, अडीच दिवस उरले म्हणून."

अनसूयाबाईंना बोटांचा अर्थ पक्का ठाऊक होता. मास्तर काय मागतायत तेही ठाऊक होतं. त्या उठून आत गेल्या आणि डबे हलवू लागल्या.

दुपारी वन्सं देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि गडू उचलला. तो हाताला लागला हलका. "अगंबाई! हा रिकामा?"

"दाक्षीच्या वेळी फोडला," अनसूयाबाई म्हणाल्या, जसं मीठ संपलं म्हणून सांगावं.

वन्संनी कपाळाला हात लावला. शेजारच्या गोपाळभटांकडून पळीभर गंगा आणवली. भटजी स्वतः घेऊन आले, मंत्र म्हणाले, पळी ओठाला लावली. मास्तरांचे दात मिटलेलेच. गंगा हनुवटीवरून ओघळून उशीवर गेली. भटजी म्हणाले, "जीव कशात तरी अडकलाय." सगळ्यांनी अनसूयाबाईंकडे पाहिलं. मास्तर आता तहानेनं जाणार, हे अनसूयाबाईंना दिसत होतं. अकरा वर्षं जे वाक्य त्यांना ऐकवत नव्हतं, तेच आता आपल्या तोंडानं म्हणायचं होतं.

त्या उठल्या. गडू घेतला, मोरीत गेल्या आणि नळाखाली धरला. करंगळीएवढ्या धारेला तो भरायला बराच वेळ लागला. मग येऊन उशाशी बसल्या.

"अहो, निघायचं ना? सोलापूर ते मुंबई."

मास्तरांनी डोळे उघडले. हात वर आला.

"दोन पूर्ण..." अनसूयाबाई थांबल्या. दुमडलेलं बोट तसंच वर होतं. ते त्यांनी हातात धरलं आणि हळूच सरळ केलं.

"अहो, दाक्षीला आता विसावं सरलं असतं. अर्ध्या तिकिटावर कोण बसू देईल तिला? तीन पूर्ण काढा."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. बोटं तिन्ही सरळ. अनसूयाबाई पुढे निघाल्या. कुर्डुवाडीला खाली उतरू नका म्हणाल्या, गाडी सुटते. मुंबईला बोट. एडन, सुवेझ, मार्सेलिस. लंडनला थंडी, दाक्षीला शाल द्या. लिव्हरपूलला दुसरी बोट. न्यूयॉर्कहून रात्रभर रेल्वे, मग बफेलो. एकही गाव चुकलं नाही. वन्सं तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. वहिनीचं डोकं फिरलं असंच त्यांना वाटत होतं.

"आता पोचलो. तुषार येतायत बघा अंगावर. तोंड उघडा."

मास्तरांनी तोंड उघडलं. एक पळी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. मग त्यांनी डोळे मिटले आणि शांत पडून राहिले.

"वहिनी," वन्संनी हलकेच विचारलं, "कुठलं पाणी गं ते?"

"आज आपल्या नळाला आलं होतं, वन्सं," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि गडू मांडीत धरून, भटजी समोर असताना, मोठमोठ्यानं रडू लागल्या.